माझ्याच अक्षरातली हरकत

मी आयुष्यात लिहिलेला सर्वांत चांगला अर्ज माझ्याच विरोधात दाखल झाला.

ही गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. मी शाळेत लेखनिक. कळंबला मारुतीच्या देवळामागे सिंधूकाकूंच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ वर्षं भाड्याने राहत होतो. काकू आणि त्यांचे यजमान, म्हणजे काका, पुढच्या बाजूला राहायचे आणि आम्ही मागच्या. त्यांचा मुलगा आणि सून गावातच निराळे राहायचे. काकांना ऐकू कमी यायचं आणि बोलायचीही फारशी आवड नव्हती, त्यामुळे घरातलं सगळं बोलणं काकूंकडेच होतं. मध्ये अंगण आणि अंगणात एकच नळ. त्या नळाचं वेळापत्रक काकूंनी ठरवलेलं होतं. सकाळी सहा ते साडेसहा आमची पाळी. साडेसहाला काकू यायच्या, नळाची चावी फिरकी देऊन काढून घ्यायच्या आणि कमरेला खोचायच्या. बादली अर्धी भरलेली असो की पाऊण, मुद्दा तो नव्हता.

गल्लीत माझा मान मोठा, कारण सगळ्यांचे अर्ज मी लिहायचो. रेशनकार्डात नाव घालायचं असो, विजेचा मीटर बंद पडलेला असो, लोक कागद घेऊन माझ्या ओट्यावर यायचे. माझं अक्षर छापल्यासारखं आणि भाषा थेट कचेरीतली. 'सबब' हा माझा अत्यंत लाडका शब्द. तो लिहिला की त्याच्याखाली मी दोन रेघा मारतो. (एका रेघेने साहेबलोकांवर परिणाम होत नाही, असा माझा अनुभव आहे.)

आमच्या संस्थेने माझी बदली आळ्याच्या शाळेत केली. काही महिने मी कळंबहून एसटीने येजा केली. मग आळ्यातच एक घर विकाऊ असल्याचं कळलं. बबनराव नावाच्या गृहस्थांचं, गावठाणातलं, तीन खोल्यांचं. मुलगा पुण्यात नोकरीला, ते त्याच्याकडे निघाले होते. मी माझ्या बायकोला, मंगलला, घर दाखवायला नेलं. तिने घर पाहिलं म्हणजे नळ पाहिला. सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. मग मागे वळून म्हणाली, "घेऊन टाका."

"अगं, खोल्या तरी बघ."

"खोल्यांचं काय, त्या असतातच," ती म्हणाली. तिने नळ तिसऱ्यांदा सोडला आणि पाण्याखाली हात धरून नुसती उभी राहिली. नऊ वर्षं साडेसहाच्या आत कपडे धुतलेल्या बाईचा तो चेहरा पाहिला आणि मीही मनात ठरवलं की हे घर घ्यायचंच.

पण मी पडलो लेखनिक. "नळ बघून घर घेत नसतात," मी तिला एसटीत समजावलं. "आधी कागद. माणूस खोटं बोलतो, कागद बोलत नाही." दुसऱ्याच दिवशी मी दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर लिहिलं, 'मिळकत तपासणी'. मिळकत पत्रिका, वारसनोंद, घरपट्टी भरल्याच्या पावत्या, घरावर बोजा आहे की नाही, चारी बाजूंना कोण कोण आहे, भिंत कुणाची, पन्हाळीचं पाणी कुणाच्या दारात पडतं. प्रत्येक बाबीला एक पान. मंगलने वही चाळली आणि विचारलं, "यात नळाचं पान कुठाय?" ते मी नंतर वाढवलं.

त्या वहीने पहिल्याच आठवड्यात काम केलं. मिळकत पत्रिकेवर मालक एक नव्हता, दोन होते. बबन कोंडिबा आणि चांगुणा कोंडिबा. वडील वारल्यावर भाऊ आणि बहीण, दोघांची नावं लागली होती. मी तो कागद घेऊन मंचरच्या वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला.

"ही चांगुणा कोण?"

"बहीण असणार."

"ती कुठंय? तिची सही पाहिजे. नाहीतर तुम्ही अर्धंच घर घ्याल. कुठलं अर्धं, ते पुढं कोर्ट सांगेल."

हे मी घरी येऊन मंगलला सांगितलं. तिने वही उघडून पाहिली. मग म्हणाली, "नळ कुठल्या अर्ध्यात येतो?"

मी बबनरावांना गाठलं. ते ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. बहिणीचं नाव काढल्याबरोबर त्यांचा अंगठा थांबला.

"चांगुणा व्हय? ती मंबईकडं आसती. कुटं ते मला ठाव न्हाई."

"पत्ता, फोन काही?"

"न्हाई." मग त्यांनी एकदम विचारलं, "भाऊ, तुमी ऱ्हाता कुटं?"

"कळंबला. मारुतीच्या देवळामागं."

बबनरावांना जोराचा ठसका लागला. तंबाखूचा असावा म्हणून मी आतून पाणी आणून दिलं आणि वहीत नोंद केली, 'बहीण मुंबईकडे, पत्ता उपलब्ध नाही'. निघताना ते म्हणाले, "दिवाळीपातूर थांबतो. त्याच्यापुढं न्हाई थांबायचो. फाट्यावरचा हाटेलवाला मागं लागलाय, त्याला बटाटं ठिवायला जागा पायजे." म्हणजे मंगलच्या नळाखाली बटाटे धुतले जाणार. ही गोष्ट मी तिला सांगितली नाही.

त्या संध्याकाळी काकू आमच्याकडे चहाला होत्या. त्या रोजच असायच्या. मी सगळी हकीकत रंगवून सांगितली.

"आळ्यात कुनाचं घर म्हनला?" काकूंनी विचारलं.

"बबनरावांचं. बहीण आहे म्हणे एक, पण तिचा पत्ता नाही. भावालाच ठाऊक नाही ती कुठे असते ते."

काकूंनी कप खाली ठेवला, अर्धा चहा तसाच सोडला आणि उठून गेल्या. मी मंगलला म्हणालो, "साखर कमी पडली वाटतं."

मंगल दाराकडे बघत म्हणाली, "काकूंचं माहेर आळ्याकडचंच आहे ना हो? त्यांना विचारा की."

"आळ्याकडचं म्हणजे अर्ध्या तालुक्याचं," मी म्हणालो. "आणि वारसनोंदीतलं बायकांना काय ठाऊक असणार?" हे वाक्य मी बोललो होतो, याला आता दोन साक्षीदार आहेत. एक मंगल आणि दुसरी भिंत, जिच्यापलीकडे काकू उभ्या होत्या.

मग माझा शोध सुरू झाला. कुणीतरी सांगितलं, चांगुणाबाई नावाची एक म्हातारी पश्चिमेला डोंगराकडच्या वाडीत आहे, आणि तिचा मुलगा मुंबईला असतो. मुंबई म्हटल्यावर मी निघालोच. एक एसटी, मग एक जीप, मग भाताच्या खाचरांच्या बांधावरून पाऊण तास चाल. चांगुणाबाई भेटल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी मला भाकरी खायला घातली आणि शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्या न्हाई ती," त्या म्हणाल्या. "मला भाऊच न्हाई. पर तू एवढ्या लांबनं आलाय लेकरा, आंगठा पायजे आसल तर दीते."

कायद्याने तो अंगठा चालला नसता. पण इतक्या प्रेमाने मला आजवर कुठल्याही कचेरीत कुणी सही दिलेली नाही, म्हणून मी त्यांच्या पाया पडून परत आलो.

शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "आता जाहीर नोटीस देऊ. वर्तमानपत्रात छापायची. कुणाचा हक्क असेल त्याने चौदा दिवसांत लेखी हरकत घ्यावी. कुणी आलं नाही तर निदान आपण शोधलं, एवढं तरी म्हणता येईल. मग पुढचं पाहू."

नोटीस छापून आली त्या दिवशी मी ती अंगणात उभं राहून मोठ्याने वाचली. सबंध गल्लीला ऐकू जाईल अशी. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' हे शब्द तर मी दोनदा वाचले. काकू सूप घेऊन ओट्यावर बाजरी पाखडत होत्या. काका शेजारी बसून माझे नुसते ओठ बघत होते.

"वकिलाचा पत्ता परत वाचा बरं," काकू म्हणाल्या.

मी वाचला.

"आन् किती दिस?"

"चौदा. त्यानंतर आलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही."

"बरं. त्यो कागद मला द्या. डब्यात आंथरायला व्हईल."

मी दिला. आपली नोटीस काकूंच्या पिठाच्या डब्यात जातेय याचं मला वाईट वाटलं, पण त्यांनी मागितला म्हणून बरंही वाटलं.

आठवड्याभराने काकू आल्या. हातात कोरे कागद होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे कोऱ्या कागदासह काकू म्हणजे माझ्यासाठी काम, हे मी ओळखलं.

"भाऊ, माझ्या एका मैतरणीचं काम हाय. तिच्या भावानं तिला न इचारता बापाचं घर इकायला काढलंय. वर आनी म्हनतो, बहीण कुटं आसती ठाव न्हाई. एक अर्ज लिवून द्या."

माझं रक्त तापलं. खरंच तापलं. गेला महिनाभर मी रात्रंदिवस वारस आणि हक्क यांच्यातच जगत होतो. "कसला भाऊ हा?" मी म्हणालो. "काकू, तिला म्हणावं घाबरू नको. असा अर्ज लिहितो की वकील उठून उभा राहील."

"नाव-गाव मोकळं ठिवा. तिची सून घालील."

मी लिहायला बसलो. मौजे, जागा कोरी. मिळकत क्रमांक, जागा कोरी. 'अर्जदार ही मयताची कन्या असून सदर मिळकतीत तिचा निम्मा हक्क आहे. तिच्या भावाने तिचे अस्तित्व हेतुपुरस्सर दडवून ठेवले आहे.' हात असा चालला होता की थांबवेना. 'सबब' आलं, दोन रेघा मारल्या. मग मी म्हणालो, "आता घेणाऱ्यालाही दम भरू."

"त्यो मानूस तसा बरा हाय म्हनत्यात," काकू म्हणाल्या.

"काकू, कायद्यात बरा आणि वाईट नसतो. बहिणीचं नाव कागदावर दिसत असून जो घर घेतो, तो साधा असेल का?" आणि मी लिहिलं, 'सदर मिळकत घेणार इसम हा लबाड असून भावाशी संगनमत करीत असल्याची दाट शक्यता आहे.' वाचून दाखवलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, मैत्रिणीच्या आठवणीने गहिवरल्या.

"लई ब्येस," त्या पदराआडून म्हणाल्या.

"आणि साध्या टपालाने पाठवू नका," मी त्यांना दारापर्यंत जाऊन सांगितलं. "रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोच पावतीसह. म्हणजे मिळालं नाही असं म्हणायला वकिलाला जागाच राहणार नाही."

तेराव्या दिवशी वकीलसाहेबांचा शाळेत फोन आला. मी सुट्टी टाकून मंचरला गेलो. साहेबांचा चेहरा गंभीर होता.

"हरकत आली आहे. आणि सांगतो, इतक्या वर्षांत असा अर्ज पाहिला नाही. एकही फट ठेवलेली नाही. समोर कुणीतरी पक्का माणूस आहे. तुम्हाला तर त्याने लबाड म्हटलंय."

"मला? कोण आहे तो?" मी चिडून हात पुढे केला.

कागद हातात आला. अक्षर छापल्यासारखं होतं. 'सबब'खाली दोन रेघा होत्या. कोऱ्या जागा वेगळ्या, बारक्या अक्षरात भरलेल्या होत्या. मौजे आळे. अर्जदार चांगुणा कोंडिबा, लग्नानंतरचं नाव सिंधू, राहणार कळंब, मारुतीच्या देवळामागे. मी खुर्चीत बसलो. साहेबांनी पाणी मागवलं.

"ओळखता का तुम्ही हे लिहिणाऱ्याला?" त्यांनी विचारलं.

"तोंडओळख आहे," मी म्हणालो.

लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात परातीतल्या तांदळात बोट फिरवून मी मंगलचं नाव लिहिलं होतं. (तेही फार सुंदर अक्षरात.) पण तीस वर्षांचे दस्त चाळणाऱ्या माणसाने, नऊ वर्षं जिच्या घरात काढली त्या बाईचं आधीचं नाव काय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

घरी आलो तर काकू ओट्यावरच होत्या. मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "मिळाला का कागद?"

"काकू, मला सांगायचं तरी!"

"तुमी इचारलं का?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "नऊ वर्सं च्या पितीय तुमच्यात. कंदी इचारलं, काकू, तुमचं म्हायेर कुटलं, भाऊ हाय का? त्या डोंगरात म्हातारीला इचारायला गेलात. हितं भिंतीआड म्या व्हते."

मंगल दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं.

मग काकूंनी सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी बबनरावांच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात सगळ्या व्याही-पाहुण्यांना मानाचे फेटे बांधले आणि गडबडीत काकांचा फेटा राहिला. सख्खा दाजी, आणि त्यालाच फेटा नाही. काका उठले, चप्पल घातली आणि न जेवता आळ्याहून पायी निघाले. काकू मागून धावत गेल्या. तेव्हापासून अबोला.

"मला त्या घरातली वीट नको," काकू म्हणाल्या. "पर बहीण कुटं आसती ठाव न्हाई म्हनला त्यो. एस्टीनं तासाचा रस्ता न्हाई. बहीण हाय मी त्याची. हारवल्याली म्हस हाय का?"

"मग सही?"

"त्यानं माझ्या दारात यावं. फेटा आनावा. मग सही."

आता दिवाळीला बारा दिवस उरले होते. मी आळ्याला गेलो. बबनराव म्हणाले, "तीच उटून गेली. तिनंच यावं." मी कळंबला परत आलो. काकू म्हणाल्या, "त्यो ल्हान हाय. त्यानं यावं." तीन दिवस मी हे निरोप एसटीने वाहिले. चौथ्या दिवशी कंडक्टरने मला विचारलं, "पावणं, तुमी फाट्यावरच का ऱ्हात न्हाई?"

पाचव्या दिवशी मंगलने पिशवी उचलली आणि एकटीच आळ्याला गेली. ती बबनरावांशी बोललीच नाही. थेट स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोकडे गेली आणि तासाभरात परत निघाली. काय बोलणं झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी बबनराव बायकोसह आमच्या अंगणात उभे होते. हातात पिशवी, पिशवीतून गुलाबी कापड डोकावत होतं. काकू नळापाशी होत्या. भल्या थोरल्या मिशांचा तो माणूस, पण पिशवी नुसती या हातातून त्या हातात घेत राहिला.

शेवटी ते म्हणाले, "चांगुणाआक्का, वाईच पानी देतीस का?"

"नळाला येळ हाय आजून," काकू म्हणाल्या. आणि मग कमरेची चावी काढता काढता त्यांना रडू फुटलं. चावी काही नळावर बसेना. ती मंगलने हातातून घेतली आणि बसवली. आमच्या नऊ वर्षांत साडेसहानंतर त्या नळाला पाणी आलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. माझेही डोळे भरून आले, ते मी तोंड धुवून लपवलं. पाणी होतंच.

पण काकांनी फेटा तिथे बांधू दिला नाही. ते अकरा वर्षांत प्रथमच मोठ्याने बोलले. "च्यार मान्सांत राहिला व्हता. च्यार मान्सांतच बांधायचा."

चार माणसं जमणार होती निबंधकाच्या कचेरीत. तिथेच, रांगेतल्या बाकावर काकांना बसवून बबनरावांनी स्वतःच्या हाताने फेटा बांधला. दस्त नोंदवायला आलेल्या अनोळखी लोकांनीही कापडाची टोकं धरून मदत केली. तेव्हा कचेरीत फोटो काढायचे कॅमेरे नुकतेच आले होते. काका साक्षीदार होते. कॅमेऱ्यावरचा माणूस म्हणाला, "आजोबा, फेटा काढा, चेहरा नीट दिसत नाही."

ऐकू न येणाऱ्या काकांना ते बरोबर ऐकू आलं. "आकरा वर्सांनी चढलाय," ते म्हणाले. "दिसल त्यवढाच काडा." आमच्या खरेदीखतावर त्यांचा फोटो आहे. त्यात निम्मा फेटा, थोड्या मिशा आणि बाकी समाधान आहे.

काकूंनी अंगठा दिला आणि घर दिवाळीच्या आत झालं. काकू आता माहेरी म्हणून आमच्याकडेच येतात, चार-चार दिवस राहतात. आल्या की साडेसहाला उठून नळापाशी जातात आणि चावी काढायला हात पुढे करतात, मग आठवतं. मंगल त्यांना कधी अडवत नाही.

एक राहिलंच. खरेदीखत लिहिताना मी घेणार म्हणून माझं एकट्याचं नाव घातलं होतं. आदल्या संध्याकाळी मंगलने ते वाचलं आणि आत जाऊन एक कागद घेऊन आली. माझ्या त्या अर्जाची नक्कल. काकूंच्या सुनेने अर्ज पाठवण्याआधी एक प्रत ठेवली होती, तिच्यावरून मंगलने ती उतरवून घेतली होती, 'सबब'खालच्या दोन रेघांसकट. नाव-गावाच्या जागा पुन्हा कोऱ्या ठेवलेल्या होत्या.

"भरू का?" तिने विचारलं.

मी त्याच संध्याकाळी वकीलसाहेबांकडे जाऊन दस्त बदलून आणला. त्यात पहिलं नाव तिचं आहे, दुसरं माझं. सह्या करताना निबंधकसाहेबांनी रिवाजाप्रमाणे मला विचारलं, "वाचून पाहिलंत ना? काही हरकत?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "हरकत नुसती लिहितो मी. घेतात बाकीचे."